भरतीबाईचा नववा अंक

१३ जून, शुक्रवार

आज कमलेश आला नाही.

लिहिण्यासारखं एवढंच, पण बसलोच आहे तर नीट लिहितो. शुक्रवार म्हणजे आमच्या एमआयडीसीची सुट्टी. मोटर रिवाइंडिंगच्या गाळ्याचं शटर मी अर्धंच वर करतो, कामगार घरी असतात, आणि दांडीहून कमलेश येतो. वार्निशच्या रिकाम्या डब्यावर बसतो, दुखरा गुडघा लांब करतो, वडापाव तो मागवतो, पैसे मी देतो. मग दुपारपर्यंत आम्ही दोघं जगाची मापं काढतो. मी दांडी सोडून बोईसरला धंदा टाकला तेव्हापासूनचा हा शिरस्ता. स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही तो आला होता आणि त्यापायी बायकोच्या, हंसावहिनीच्या, शिव्या खाल्ल्या होत्या.

फोन केला तर म्हणाला, आज जमणार नाही, परवा सुजीत सर येणार आहेत, त्याआधी माळ्यावरची जुन्या पुस्तकांची पेटी लावून ठेवायची आहे.

हा सुजीत म्हणजे पालघरच्या शाळेतला तरुण मास्तर. एप्रिलात मुलांना बोटी दाखवायला दांडीत आला होता. हंसावहिनी कुणाला तरी सुकट बांधून देत होत्या, तो कागद याने बघितला आणि वाळूतच बसला म्हणे. कागद दर्यावीर चित्रकथेचा होता.

आम्ही चौथी-पाचवीत असताना पालघरचा एक छापखाना ही पुस्तकं काढायचा. दुसरीकडचे वीर आभाळातून उडायचे, आमचे जरा वेगळे. मीठराव ज्याला हात लावील ते गंजायचं. चोरांच्या बंदुका गंजायच्या तशी बायकोची भांडीही. अर्धा अनंता अदृश्य व्हायचा, पण कमरेच्या वरचाच. पाय दिसत राहायचे. बोंबील बहाद्दरच्या अंगात हाड नव्हतं, कुठल्याही गजातून निसटायचा, फक्त उन्हात गेला की वास मारायचा. आणि भरतीबाई. ही समुद्राची भरती थोपवून धरायची, पण एक विडी ओढून होईल तेवढाच वेळ. असल्यांना कोण विचारतो? दोन वर्षांत छापखान्याने हात टेकले.

आता मास्तर म्हणतो, त्यामुळेच भाव आहे. नावाजलेले वीर लोकांनी घरोघर जपले, त्यांना कोणी हुंगत नाही. आमच्यांची मात्र पुडकी झाली, म्हणून उरलेल्यांवर शौकीन लोक तुटून पडतात. कमलेशने तीन मीठराव मुंबईच्या एकाला दिले, त्यातून बोटीला नवं जाळं आलं.

मला आनंदच आहे. मित्राचं बरं झालं तर आनंदच होणार. फक्त ती पुस्तकं त्याने एकट्याने वाचली नव्हती, एवढंच म्हणणं.

१५ जून, रविवार

म्हटलं मासळी बघून यावी. जमना म्हणाली, पावसाळी बंदीत कसली मासळी, बोटी सगळ्या किनाऱ्यावर ओढल्यात. मी म्हटलं, सुकी. ती म्हणाली, सुकी घरात डबाभर आहे. बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो. किक मारली.

दोघं मागच्या पडवीत बसले होते. मी जाळ्यांच्या ढिगामागे थांबलो. लपलो नव्हतो, चपलेत वाळू गेली होती. माझे कान धंद्याने तयार झालेत. चालू मोटरला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, की कुठलं बेअरिंग रडतंय ते मी सांगतो. पडवीतलं बोलणं ऐकायला तर तेवढंही लागत नाही.

अर्धा अनंता एसटीत चढला तर त्याला तिकीट अर्धं की पूर्ण, हा विषय. कमलेश म्हणाला, "आमचा नाम्या म्हनायचा, तिकीट पायांचं, पैसे हातात, आनि हात तर दिसत नाय. मंग कंडक्टर मागनार कोनाकडं?"

आणि हसला. ते हसणं मी ओळखतो. आधी नुसती हवा, मग खोकल्यासारखं, मग थंडीत जुनं डिझेल इंजिन धरतं तसं एकदम. माझ्या गाळ्यात ते हसणं मी इतकी वर्षं ऐकतोय, मला वाटायचं ते तिथेच होतं.

पाचवीतला विनोद. माझा. परक्या माणसाला देऊन टाकला. माझं नाव घेऊन दिला म्हणून काय झालं, दिलाच ना.

न भेटता परत आलो. जमनाने विचारलं, सुकी मिळाली का.

२० जून, शुक्रवार

आला नाही. गुडघा दुखतो म्हणे. रविवारी दुखत नाही, असा हा गुडघा.

२३ जून, सोमवार

शांतपणे विचार केला. यात भावनेचा काही संबंध नाही. ही गुंतवणूक आहे. जो माणूस भंगारातून तांबं ओळखत ओळखत स्वतःचा गाळा घेतो, त्याला रद्दीतून कागद ओळखता येणार नाही? मास्तरला पुस्तकं कळत असतील. बाजार मला कळतो.

बोईसरच्या सगळ्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलं. पालघरला त्या छापखान्याच्या मालकाच्या पुतण्याला गाठलं, त्याच्या जिन्याखालून बोंबील बहाद्दरचा गठ्ठा निघाला. वाळवीने थोडा चाखलाय. तांब्याच्या तारेच्या कपाटात एक कप्पा रिकामा केला आणि पुस्तकं कुलपात टाकली.

जमनाला दाखवलं. भाव कसा चढतो, कोण विकत घेतं, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगलं कमलेशभावजींना दाखवलं का?"

बायकांना धंद्यातलं सांगून उपयोग नसतो.

२९ जून, रविवार

कमलेशने आपणहून बोलावलं. सर तुला भेटायचं म्हणतात, म्हणाला. मला वाटलं होतं, कमलेशलाच मला भेटायचंय. असो, गेलो.

मास्तर तिशीतला, चष्मा, पाया पडायला वाकला. "तुम्हीच का ते नामदेवकाका," म्हणाला, आणि कमलेशकडे बघून हसला. म्हणजे यांचं माझ्याबद्दल बोलणं होतं. काय काय सांगितलं असेल देव जाणे. मी शाळेत घातलेले घोळ त्याला तारीखवार पाठ होते. मी खाडीत पडलो होतो आणि कमलेशने मला शेंडी धरून काढलं होतं, तेसुद्धा. मी विषय बदलला.

माझा बोंबील बहाद्दरचा गठ्ठा त्यांच्यापुढे टाकला. मास्तर हरखला. कमलेशने एकेक पान नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाला, नाम्या, हा अंक आपण तुझ्या आजीच्या ओट्यावर वाचला होता, आठवतं? मला आठवत होतं. पण मास्तर मध्येच कोणत्या सालचा तो अंक ते सांगू लागला, आणि ते राहिलं.

मग भरतीबाईचा विषय निघाला. तिचे आठ अंक आम्ही वाचलेत. आठव्याच्या शेवटी वादळ सुटतं, गावच्या तीन बोटी बाहेर असतात आणि ती विडी पेटवते. नववा अंक दांडीत कधी आलाच नाही. आम्ही दोघं बाजाराच्या दिवशी बोईसरपर्यंत चालत गेलो होतो, तिथेही नव्हता. बोटी आल्या का, हा प्रश्न कमलेशला अजून आहे. स्वतःच्या बोटीवर इतकी वर्षं काढली, तरी म्हणतो, "त्या तिघांचं काय झालं ते कललं पायजे बाबा, त्याशिवाय मरायचं नाय मला."

मास्तरने चहाच्या वेळी उठून अंगणात फोन घेतला. हळू बोलत होता. पावसाची रिपरिप, मधे कौलांची पन्हळ, तरी मला सगळं ऐकू आलं. सालवडला कोणी शिवाजी म्हणून आहेत, पूर्वी बोईसर स्टेशनजवळ पुस्तकं भाड्याने द्यायचे, त्यांच्याकडे नववा अंक आहे. मास्तर पुढच्या रविवारी जाणार. कमलेशला आत्ता सांगायचं नाही, एकदम हातात ठेवायचा.

कमलेश चहात पाव बुडवत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं.

१ जुलै, मंगळवार

सालवडला जाऊन आलो. अंक मिळाला.

शिवाजी म्हणजे सोलापूरकडचा वयस्कर माणूस. कापड रंगवायच्या कारखान्यात जन्म गेला, पुस्तकांचा धंदा फावल्या वेळचा, नखं अजून निळी. खोलीत तो आणि त्याची बायको साखरबाई. पुस्तक पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. साखरबाईंनी विचारलं, "मास्तरांनी धाडलं व्हय तुमाला?" मी मान हलवली. मान कशीही हलवता येते.

पैसे घेईनात. मास्तरांना असंच द्यायचं ठरवलं होतं म्हणाले. फुकट घेणं माझ्या स्वभावात नाही. कोपऱ्यात त्यांचा मिक्सर बिघडून पडला होता. दोन मिनिटं चालवून बघितला, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, बुश गेला होता. शेजारच्या दुकानातून आणून बसवला. साखरबाई खूश झाल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. निघताना म्हणाल्या, "मास्तरांना म्हनावं, पोरास्नी शेवट वाचून दावा. लई ग्वाड हाय."

अंक वाचला नाही. उघडला की किंमत उतरते. शिवाय एकट्याने बसून काय वाचायचं.

मास्तर रविवारी जाईल तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असेल. मी तिथे नसणार, ही एकच खंत.

७ जुलै, सोमवार

काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

पुस्तक ओलीने मऊ पडलं होतं, कव्हरवर काळे ठिपके दिसायला लागले होते. आता आमच्या धंद्यात ओल म्हणजे वैरी. कॉइल भरली, वार्निशमध्ये बुडवली, की भट्टीत ठेवायची. ओल जाते, मोटर वीस पावसाळे बघते. म्हटलं, कागदाला वार्निश नको, नुसती मंद शेक द्यावी. पुस्तक इन्शुलेशनच्या कागदात गुंडाळलं, भट्टीच्या वरच्या जाळीवर ठेवलं. चहा होईपर्यंत, बस.

तेवढ्यात कमलेशचा फोन. स्वतःहून. सोमवारी.

काल मास्तर त्याला घेऊन सालवडला गेला होता. कोणीतरी आधीच येऊन मास्तरचं नाव सांगून अंक घेऊन गेलं. कमलेशचा आवाज बसला होता. म्हणाला, मास्तरला मला एकदम द्यायचा होता रे, वाटेत सारखा हसत होता. मग म्हणाला, "मानूस गोड बोलनारा होता म्हने. मिक्सर पन फुकटात करून गेला."

मी म्हटलं, काय एकेक लोक असतात.

मग तो म्हणाला, "कोन असंल रे नाम्या?"

मी म्हटलं, बोईसरमध्ये आता बाहेरून कोण कोण येतं, सांगता येत नाही. त्यावर तो म्हणाला, "असंल." त्याला माझा संशय नाही. आवाजावरून मला कळतं.

मग मीच बोलणं लांबवलं. गुडघ्याचं विचारलं, त्याच्या पोराने, मेहुलने बोट रंगवली का, इंजिन मी कधी बघायला येऊ, हंसावहिनींचा दमा कसा आहे. तो हं हं करत होता, पण फोन ठेवत नव्हता. किती दिवसांनी असं बोललो. जळका वास आला तेव्हा आम्ही यंदा पापलेट मिळेल की नाही यावर होतो.

बाहेर काढलं तर पापड. कडा हात लावताच चुरा झाल्या. जाळीवर जुन्या वार्निशचे थेंब होते, ते वितळून आत झिरपले आणि पानं एकजीव झाली. मोटर असती तर म्हटलं असतं, काय बसलंय काम.

गुंतवणुकीत चढउतार असतातच.

११ जुलै, शुक्रवार

कमलेश आला. सकाळीच. डब्यावर बसला, गुडघा लांब केला, वडापाव मागवला. मास्तरचं नावही काढलं नाही. मी खूप बोललो. तो माझ्याकडे बघत ऐकत होता. जाताना शटरपाशी थांबून विचारलं, "आनि काय? बाकी काय नाय ना?"

मी म्हटलं, बाकी मजेत.

२५ जुलै, शुक्रवार

सलग तिसरा शुक्रवार. मास्तरचं खूळ उतरलं बहुतेक. अशी नवी नाती पहिल्या सरीच्या गवतासारखी, मी आधीच म्हणत होतो. जमनाला म्हटलं, बघ, शेवटी आला ना इकडेच. ती म्हणाली, "येतात खरे. पन हसल्याचं ऐकलं नाय मी."

खरं म्हणजे मीही ऐकलं नाही. गुडघ्यामुळे असेल.

आजही जाताना शटरपाशी थांबला. आनि काय? मी म्हटलं काही नाही. भट्टी बघत उभा राहिला, मग गेला.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आला नाही. फोन घेतला नाही. बंदी काल उठली, कामात असेल. वडापाव दोन मागवून ठेवले होते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. दांडीला गेलो. बोटींना पताका, बायका नटलेल्या, बँजो वाजत होता. नारळ आम्ही दोघं एकदमच दर्याला देतो, लहानपणापासून. आज मी पोचेपर्यंत कमलेशने दिला होता. एकट्याने.

बोटीच्या सावलीत बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. बोललो नाही, हे माझ्याबाबतीत विशेष. बऱ्याच वेळाने समुद्राकडे बघतच तो म्हणाला, "मिक्सरला स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकनारा सगल्या तालुक्यात एकच मानूस हाय, नाम्या. साखरबाईनं सांगितलं तवाच कललं मला."

मला फोन आठवला. मग ते शुक्रवार.

"रोज वाटायचं, आज सांगंल. येऊन बसायचो. तू आपला पापलेटच्या गजाली करतोस."

मी चपलेतली वाळू झटकत बसलो.

"बरं, ऱ्हायलं. शेवट काय हाय तेवढं सांग. बोटी आल्या का?"

मी सांगितलं की वाचला नाही. भट्टीचंही सांगितलं, पानं चिकटल्याचंही. तो माझ्याकडे वळला. इतका चिडलेला मी त्याला बघितलेला नाही, मी त्याचं इंजिन बिघडवलं होतं तेव्हाही नाही.

"वाचायचा नव्हता, इकायचा नव्हता. मंग घेतलास कशाला? त्या पोरानं माझ्यासाठी शोधला होता."

"म्हणूनच," मी म्हटलं. ते कसं तोंडातून गेलं कळलं नाही. मग म्हटलं, "एकट्यानं नव्हता वाचायचा मला."

बँजोवाले पुढे सरकले. कमलेशने मूठभर वाळू घेतली, सोडली. शेवटी म्हणाला, "रविवारी सरांना तू सांगायचं. तुझ्या तोंडानं. मंग तिघं जाऊ सालवडला. त्या बाईनं वाचलाय तो."

मी म्हटलं, गाडी माझी काढतो.

१० ऑगस्ट, रविवार

मास्तरला बोईसर स्टेशनबाहेर गाठलं आणि सांगितलं. जळकं पुस्तक पिशवीतून काढून हातात दिलं. त्याने ते दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं. मला वाटलं आता ऐकवेल, मी तयारीत होतो. त्याने एवढंच विचारलं, "काका, भट्टी किती तापलेली होती?" मग पिशवीत पडलेला चुरासुद्धा रुमालात गोळा करून घेतला. म्हणाला, कव्हर कदाचित सोडवता येईल. पोरगा वाईट नाही. इतकंच लिहितो.

माझ्या छोट्या हत्ती टेम्पोत पुढे दोघांचीच जागा. कमलेशचा गुडघा दुमडत नाही, तेव्हा तो पुढे. मास्तर मागे, मोटरींबरोबर. पाऊस होता, ताडपत्री दिली होती त्याला, मी काही राक्षस नाही. वाटेत कमलेश माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पण बसला शेजारीच.

साखरबाईंनी मला ओळखलं. मिक्सर झ्याक चालतोय म्हणाल्या, आणि मग तिघांना एकत्र बघून त्यांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. मास्तर मात्र बिलंदर. म्हणाला, पुस्तक जरा खराब झालंय आजी, तुम्हीच सांगा ना. मला वाचवलं की टोमणा मारला, अजून ठरत नाही.

सतरंजीवर बसलो. कमलेश मध्ये, मी उजवीकडे, मास्तर डावीकडे. शिवाजींनी सुरुवात केली, साखरबाईंनी दोन वाक्यांत त्यांना थांबवलं आणि स्वतः सांगायला लागल्या. वादळ, तीन बोटी, भरतीबाई किनाऱ्यावर उभी, समुद्र तिच्या पायांशी थांबलेला, विडी निम्मी झाली. पहिली बोट आली. विडी बोटाला लागली. दुसरी आली.

इथपर्यंत मी ऐकलं. त्यानंतर माझं लक्ष कमलेशकडे गेलं. तोंड उघडं, भुवया वर, अगदी ओट्यावर बसायचा तसा. साखरबाई काहीतरी सांगत होत्या, मास्तर पुढे सरकला होता. मग त्या थांबल्या. आणि कमलेश हसला. आधी नुसती हवा, मग खोकल्यासारखं, मग एकदम. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या.

हसता हसता त्याने मान वळवली ती आधी माझ्याकडे. मास्तरकडे नंतर. मी बघतच होतो, म्हणून खात्रीने लिहितो.

तिसऱ्या बोटीचं काय झालं, ते मात्र मी ऐकलं नाही. शुक्रवारी कमलेश आला की विचारतो.